ब्रेकवरचा पाय

गेल्या वर्षी जानेवारीत, एका सोमवारी सकाळी, परतवाड्याहून धारणीकडे निघालेली कर्मचाऱ्यांची मिनीबस घटांगच्या पुढे, उतार सुरू होण्याआधी, रस्त्याच्या कडेला थांबली. चालकाने हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केले आणि गाडी पुढे नेण्यास नकार दिला. गाडीत बिघाड नव्हता. रस्ता मोकळा होता. गाडीत शिक्षक, नर्स, एक तलाठी आणि वनखात्याचे दोन कारकून होते. रोज सकाळी मेळघाटात जायचे आणि संध्याकाळी परतायचे, ज्याला इकडे अप-डाऊन म्हणतात, ते करणारी ही माणसे. मी त्यांतलाच एक. धारणी भागातल्या बातम्या एका दैनिकाला पाठवणे हे माझे काम होते.

पहिला प्रश्न हरिसालच्या आरोग्य केंद्रातल्या रेखा सिस्टरांनी विचारला.

"काय झालं मामा? पंक्चर?"

"गाडीले काही नाही झालं," चालक म्हणाले. "ब्रेकवर पाय हाये का नाही, हे मले समजून नाही राहिलं. वाकून पाहाव लागते. आता उतारावर मी खाली पाहू का समोर पाहू?"

चालक उतरले, दोन दगड शोधून चाकांना लावले, आणि मग गाडीभोवती फेऱ्या मारू लागले. मोबाइलला तिथे रेंज नसते. मागून आलेल्या एका जीपवाल्याने तीन खेपा करून माणसे सेमाडोहपर्यंत पोचवली. शेवटच्या खेपेला मी होतो. जीप वळणाआड गेली तेव्हा ते अजून गाडीभोवती फिरत होते.

त्यांचे नाव देवानंद. गाव बार्शीटाकळी. गाडीत मात्र सगळे त्यांना चप्पलमामा म्हणत. सीटवर बसण्याआधी ते चप्पल काढून मागच्या खिळ्याला अडकवत आणि अनवाणी गाडी चालवत, बाराही महिने. ब्रेकच्या पॅडलवरचे रबरही त्यांनी काढून टाकले होते. उघड्या लोखंडावर उघडा तळवा. मालकाने दोनदा नवे रबर बसवले, दोन्ही वेळा ते दुसऱ्या दिवशी डिकीत सापडले. विचारले तर म्हणत, "गाडी कानानं नाही, पायानं ऐका लागते. चप्पल घालून ब्रेक मारणं म्हंजे हातमोजे घालून भाकर थापणं." ब्रेक ऑइल कमी झाले, लायनर झिजले, चाकात हवा उतरली, हे त्यांना मिस्त्रीच्या आधी कळे असा त्यांचा दावा होता. दावा नेहमी खरा निघत नसे. एकदा त्यांनी पायाला थरथर जाणवते म्हणून गाडी अर्धा तास उभी केली आणि ती थरथर मागच्या सीटवर घोरणाऱ्या तलाठ्याची निघाली. तलाठी पुढे वर्षभर ही गोष्ट ऐकत होते.

बसणे त्यांना जमत नसे. सेमाडोहच्या टपरीवर सगळे बाकावर बसून चहा घेत, मामा कप हातात धरून चालत. टायरला टाच मारून पाहत, काच पुसत, पुसलेली काच पुन्हा पुसत. रेखा सिस्टर म्हणत, "मामा, जरा टेका ना. तुमाले पाहून पाहून आमचेच पाय दुखून राहिले."

"बसलो का झोप येते, सिस्टर. मले झोप आली का तुमची ड्युटी दरीत."

दुसऱ्याच्या गाडीत तर त्यांच्याशेजारी बसणे शिक्षा असे. अकोल्याला जाताना एकदा आम्ही एका बाकावर होतो. वळण आले, समोर बैलगाडी आली, कोणी आडवे गेले, की त्यांचा उजवा पाय पत्र्यावर दाबला जाई. पुढच्या बाकावरचा म्हातारा शेवटी मागे वळला. "भाऊ, पाय आवरा. मले धक्के बसून राहिले." मामा म्हणाले, "बाबा, पाय माहा नाही. गाडीचा हाये. मी फक्त सांभाळतो."

त्यांच्या आजाराची पहिली खूण सिस्टरांनी पाहिली. कमरेचा पट्टा दोन भोके आत गेला होता आणि सेमाडोहला त्यांचा कप अर्धा भरलेला राहू लागला होता. सिस्टरांनी टपरीमागे नेऊन चार प्रश्न विचारले आणि परत येऊन सगळ्यांसमोर जाहीर केले, की मामांनी येत्या शनिवारी अकोल्याला जाऊन तपासणी केली नाही तर त्या त्यांच्या गाडीत बसणार नाहीत. मामा म्हणाले, "नका बसू. हरिसाल पायी किती लांब हाये ते एकडाव पाहून घ्या." शनिवारी ते गेले. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. अकोल्यातच ऑपरेशन झाले. त्यानंतर दर पंधरवड्याला किमोची सलाईन घ्यायची असे ठरले. परतवाड्याची खोली सोडून ते बार्शीटाकळीला घरी राहायला गेले. गाडीवर बदली चालक आला. तो बूट घालून चालवी.

पहिल्या सलाईननंतरचा प्रसंग त्यांच्या पत्नी वंदनाताईंनी सांगितला. मामांनी घरी येऊन फ्रिजमधल्या पाण्याचा स्टीलचा ग्लास उचलला आणि तो हातातून सोडला. बोटांत करंट उतरला होता. त्यांनी मेन स्विच बंद केला, घराबाहेर सगळ्यांना उभे केले आणि वायरमनला बोलावले. वायरमनने फ्रिज, अर्थिंग, भिंत, नळ, सगळे टेस्टरने तपासले. कुठेच काही नव्हते. तेव्हा मामांनी टेस्टर त्याच्या हातातून घेतला आणि ग्लासाला लावला.

"ग्लासात करंट कसा येईन, काकाजी?" वायरमनने विचारले.

"मंग मले कोणी मारला?"

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी समजावले. हे औषध नसांवर परिणाम करते. गार वस्तूला हात लावला की करंट बसल्यासारखे होते, गार पाणी घशाला टोचते. पाणी कोमट प्यायचे, थंडीत मोजे घालायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचे, हातपाय बधिर होऊ लागले, मुंग्या थांबेनाशा झाल्या, तर लगेच सांगायचे. नसा वाचवायच्या तर औषध वेळेवर कमी करावे लागते.

हा शेवटचा भाग मामांनी वेगळा ऐकला. शेजारच्या खाटेवर अकोटचा एक माणूस होता, जिनिंगमध्ये रुईच्या गाठी बांधणारा. त्याने पाय बधिर झाल्याचे सांगितले आणि डॉक्टरांनी त्याचे ते औषध निम्म्यावर आणले. महिन्याभरातच त्याचा आजार उलटला. कशामुळे उलटला हे कोणी सांगितले नाही. मामांनी स्वतःच ठरवले. "अर्ध्या घाटात कोणी डिझेल कमी करते काय?" ते वंदनाताईंना म्हणाले. "पुरं चढल्याबिगर इंजिनाले हात लावू देनार नाही मी."

त्यानंतर दर खेपेला डॉक्टर विचारत, "हातपाय बधिर होतात का?" आणि दर खेपेला ते म्हणत, "नाही साहेब. एकदम ओके." तोवर त्यांना शर्टाची गुंडी लावता येत नव्हती. वंदनाताई लावून देत. एकदा दवाखान्यात त्यांनी तोंड उघडले, "साहेब, यायचे पाय..." मामांनी त्यांना तिथेच थांबवले. "तू चूप बस. डायवर मी हाये."

सलाईन पूर्ण झाल्या. तपासणीत कॅन्सर दिसला नाही. मामा परतवाड्याला आले आणि सकाळच्या गाडीतल्या प्रत्येकाला गरम आलुबोंडा खाऊ घातला. स्वतः उभे राहून खाल्ला. सिस्टरांनी विचारले, "पाय कसे हायेत?" त्यांनी उत्तर दिले, "जाग्यावर हायेत." पुढच्या आठवड्यात त्यांनी तिथे पुन्हा खोली घेतली आणि गाडी ताब्यात घेतली.

औषध बंद झाले की त्रासही उतरेल असे त्यांनी धरले होते. तसे झाले नाही. या औषधाचा त्रास ते बंद केल्यानंतरही काही महिने वाढू शकतो, हे नंतर कळले. तळवे एकाच वेळी बधिर होते आणि जळत होते. चालताना खाली जमीन आहे की गादी, हे समजत नसे. पण चादरीची कड लागली तरी आग होई. वंदनाताईंनी उपाय काढला. शनिवार-रविवार ते घरी असत तेव्हा त्या त्यांच्या पायांवर बांबूचे टोपले पालथे घालत आणि त्यावरून गोधडी ओढत. "कोंबड्या झाकतात तसे पाय झाकाव लागते यायचे," त्या म्हणाल्या. "अन् कोंबड्याच बऱ्या. त्या एका जाग्यावर तरी बसतात. हे उठतात, अंगणात फिरतात, पुन्हा येतात, पुन्हा झाका."

परतवाड्याच्या खोलीत टोपले घालणारे कोणी नव्हते. घरमालकाने त्यांच्या रात्रीच्या फिरण्याची तक्रार केली होती.

गाडीत हे आम्हाला दिसले नाही. गाडी पूर्वीपेक्षा हळू चालते एवढेच दिसे. लोक म्हणत, आजारातून उठलेला माणूस आहे, जपून चालवतो. मग डिसेंबरात एके दिवशी सेमाडोहला मामा अनवाणीच टायरला टाच मारत फिरत होते आणि सिस्टरांना मातीत रक्ताचे ठसे दिसले. त्यांनी मामांना टपरीमागच्या बाकावर बसवले, बहुधा प्रथमच, आणि पाय वर घेतला. तळव्यात बोरीचा काटा मुळापर्यंत गेला होता. त्यांनी तो चिमट्याने काढला. मामा दुसरीकडे पाहत होते.

"दुखलं नाही काय?"

"काटा तुमाले दिसला. मले नाही."

"मामा, मी चेष्टा नाही करून राहिली. याच पायानं ब्रेक मारता तुमी?"

"मारतो. अन् गाडी थांबते."

"पण दाबला ते समजते काय?"

मामा उठले आणि काच पुसू लागले. सिस्टरांनी आम्हा कोणाला त्या दिवशी हे सांगितले नाही. संध्याकाळच्या परतीला त्या चालकाशेजारच्या सीटवर बसल्या आणि रोज तिथेच बसू लागल्या. त्यांची नजर रस्त्यावर नसे, पॅडलवर असे. पुढे जानेवारीची थंडी आली. सकाळी घाटात पॅडलचे लोखंड गार पडलेले असे. त्याला पाय लागला की नडगीपर्यंत करंट जाई, आणि करंट ओसरला की पाय होता की नव्हता तेही कळत नसे. अशा तीन आठवड्यांनंतर तो सोमवार आला.

मालकाने त्यांना काढून टाकले नाही. हे नोंदवायला हवे, कारण परतवाड्यात उलट बोलले जात होते. बदली चालक केव्हाच निघून गेला होता आणि घाटाचा हात असलेला चालक मालकांना दुसरा मिळत नव्हता. त्यांनी मामांना स्वतःच्या खर्चाने अकोल्याला नसांच्या तपासणीला पाठवले. पायावर पट्ट्या चिकटवून झटके देतात आणि नस ते किती वेगाने नेते हे मोजतात, ती तपासणी. निकाल जवळपास नॉर्मल आला. मालक खूश झाले.

"देवानंद, तू पास हायेस बे. डॉक्टरनं लिहून देल्लं. सोमवारपासून ये."

"मालक, ब्रेक नाही समजत."

"मशीनले समजलं ना?"

"गाडी मशीन नाही चालवत. मी चालवतो."

गाडीत दोन तट पडले. एका गुरुजींचे म्हणणे, की मामांना आता घाट नको झाला आहे, बसून पगार हवा आहे. सिस्टरांनी त्यांना विचारले, "गुरुजी, हा माणूस कधी बसलेला पाह्यला काय तुमी?" पण रिपोर्ट सिस्टरांच्या बाजूने नव्हता. मामा अकोल्याच्या कॅन्सरच्या डॉक्टरांकडे गेले. औषधाने पाय गेले असे लिहून द्या म्हणाले. डॉक्टर थकल्यासारखे म्हणाले, "दर वेळी मी विचारलं. दर वेळी तुम्ही नाही म्हणालात. आता मी काय लिहू?" आपण दर वेळी खोटे बोललो, हे मामांनी तिथेही कबूल केले नाही. ते बाहेर आले आणि आवारात फेऱ्या मारत राहिले. वंदनाताई पायरीवर बसून होत्या. त्यांनी मला फोन केला तो तिथूनच. "पेपरवाले भाऊ, यायचं कोणी ऐकन असा डॉक्टर सांगा. नाही तर हे खरंच गाडीवर जाऊन बसतीन. काल म्हणत होते, मशीन खोटं कसं बोलन, मीच खोटा असन."

अमरावतीत मेंदू आणि नसांच्या एक डॉक्टर आहेत. कॅन्सरच्या औषधांनी होणाऱ्या नसांच्या दुखण्याचा त्या अभ्यास करत होत्या. त्यासाठी रुग्ण एमआरआयच्या बोगद्यात झोपलेले असताना तळव्याला ब्रशने स्पर्श करायचा आणि त्या वेळी मेंदूत कुठे हालचाल होते ते टिपायचे, असे काम चालू होते. बातमीसाठी मी त्यांना आधी भेटलो होतो. मामांना आणि वंदनाताईंना मी तिथे घेऊन गेलो. मॅडमनी तळवे तपासले. कापसाचा बोळा, टाचणी, कंप पावणारा लोखंडी चिमटा. मामांनी डोळे मिटायचे आणि काय लागले ते सांगायचे. बहुतेक वेळा ते गप्प राहिले. मॅडम म्हणाल्या, की झटक्यांच्या तपासणीत जाड नसा कळतात, बारीक तंतू त्यात सापडत नाहीत. रिपोर्ट चांगला आणि पाय जळतोय, असे होऊ शकते.

मामांनी तीन महिन्यांत प्रथमच कोणाकडून हे ऐकले होते. ते खुर्चीवरून उठले. "मॅडम, मंग मेंदूचा फोटो काढा. त्यात आग दिसन काय?"

"आग दिसत नाही. मेंदूत कुठे जास्त रक्त धावतं, ते दिसतं. बऱ्याच जणांचं एकत्र पाहिलं की काही अंदाज बांधता येतात."

"अन् माहं एकट्याचं? मालकाले दाखवाले?"

"एकट्या माणसाला खरंच दुखतंय की नाही, हे या फोटोवरून लिहून देता येत नाही. कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नका."

"मंग मी कायले झोपू त्या बोगद्यात?"

"तुमच्यासाठी नाही. तुमच्यानंतर येणाऱ्यांसाठी. नको असेल तर नको म्हणा, औषध मी तसंही देणार आहे."

मामा दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. वंदनाताई म्हणाल्या, "अहो, एक ठरवा. माही मान दुखून राहिली." मामांनी होकार दिला.

पहिल्या दिवशी त्यांचे पाय हलले. एमआरआयमध्ये हलले की चित्र बिघडते. ब्रश लागला की पाय झटकला जाई, ब्रश नसला की तळव्यांची आग त्यांना स्थिर राहू देत नसे. माइकवरून टेक्निशियन सांगत होता, "काका, हलू नका." आतून उत्तर आले, "मी नाही हलत. पाय हलते. त्यालेच सांगा." तो दिवस वाया गेला.

आठ दिवसांनी ते पुन्हा गेले. तोवर मॅडमच्या गोळीने आग थोडी उतरली होती, बधिरपणा तसाच होता. या वेळी ते संपूर्ण वेळ हलले नाहीत. टेक्निशियनने काचेतून अंगठा दाखवला. वंदनाताईंचा विश्वास बसेना, लग्नानंतर त्यांनी हे पाहिले नव्हते. मामा बाहेर आले ते घामाने भिजून, पण चेहरा घाट उतरून आलेल्या माणसाचा. मॅडमनी नेहमीप्रमाणे विचारले, की मधल्या वेळात, ब्रश नसताना, मनात काय चालले होते. त्या वेळात काहीही करायचे नसते. समोरच्या पडद्यावरच्या फुलीकडे पाहायचे आणि पडून राहायचे.

"गाडी चालवली," मामा म्हणाले.

"म्हणजे?"

"घटांगपासून सेमाडोहपर्यंत. मनातल्या मनात. म्हणून तर पाय गप्प राहिला ना. त्याले काम देल्लं मी. एक बी वळण चुकलो नाही. दोन ठिकाणी साइड देल्ली."

मॅडमनी पेन खाली ठेवले. "मामा, त्या वेळात काहीच करायचं नव्हतं."

"मी कुठी काही केलं? पाय हलला काय?"

"पाय नाही हलला. पण ब्रेक मारायचा नुसता विचार केला तरी मेंदूतला पायाचा भाग जागा होतो. आता आजच्या चित्रात ब्रश कुठला आणि घाट कुठला, हे मी वेगळं कसं करू?"

टेक्निशियन हसला. मामा हसले नाहीत. ते टेबलाजवळ सरकले. "म्हंजे मेंदूले अजून गाडी येते."

"येते."

"मंग मेंदू जर चालवू शकते, तर..."

"मामा," मॅडम म्हणाल्या, "ब्रेक दाबलेला तुम्हाला कळतो का?"

मामांनी खाली पायाकडे पाहिले. खोलीत मशीनचा पंखा चालू होता.

"नाही."

"मग त्यावर माझ्या मशीनला काय विचारायचं?"

दवाखान्यातून बाहेर पडल्यावर ते राजकमल चौकापर्यंत आमच्या पुढे चालत राहिले. रिक्षात बसायला तयार नव्हते. वंदनाताई मागून म्हणाल्या, "पायात चप्पल तरी हाये काय पाहा हो भाऊ, यायले समजत नाही." चप्पल एकाच पायात होती. दुसरी मागे पन्नास पावलांवर, पानठेल्यासमोर पडलेली होती. मी ती आणून दिली. त्यांनी ती घातली, आणि घातली आहे ना हे वाकून पाहिले.

त्या शुक्रवारी ते अकोल्याच्या दवाखान्यात गेले. शुक्रवार हा सलाईनचा दिवस. मी तिथे नव्हतो. वंदनाताई आणि वॉर्डातल्या एका नर्सने सांगितलेले जुळते. डॉक्टर खाटांमधून फिरत होते. मामा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, मी दर वेळेले खोटं बोललो. चौथ्या सलाईनपासून पाय बधिर होते. अकोटवाल्याचं औषध कमी झालं, ते पाहून भेलो." डॉक्टर त्यांना केबिनमध्ये चला म्हणाले. मामा खाटांकडे हात करून म्हणाले, "इथंच लिहा. यायले बी ऐकू द्या." डॉक्टरांनी उभ्या-उभ्या लिहिले. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मामांना तोवर कोणी सांगितली नव्हती, कारण त्यांनी विचारलीच नव्हती. अकोटच्या माणसाचे एक औषध कमी केले होते, बाकीची पूर्ण चालू होती. त्याचा आजार सापडला तेव्हाच यकृतापर्यंत पोचला होता.

नर्सच्या म्हणण्याप्रमाणे मामा दारापर्यंत जाऊन परत आले. मग शेजारच्या खाटेवर बार्शीटाकळीचीच एक बाई सलाईन लावून पडली होती, तिच्याकडे वळले. "बाई, बोटाले मुंग्या येतात काय?" ती डॉक्टरांकडे पाहून नाही म्हणाली. "मले नका सांगू नाही," मामा म्हणाले. "मी नाही म्हणून म्हणून इथं आलो." बाईने थोड्या वेळाने गोधडीखालून हात बाहेर काढला.

तेव्हापासून ते जवळपास दर शुक्रवारी तिथे जात. त्यांना कोणी नेमले नव्हते. डॉक्टरांची फेरी सुरू होण्याआधी खाटांमधून येरझारा घालत आणि प्रत्येकाला तोच प्रश्न विचारत. दोन रुग्णांच्या नातेवाइकांनी तक्रार केली, की हा माणूस घाबरवतो. दवाखान्याने त्यांना फक्त दारापाशी थांबा असे सांगितले. दारापाशी त्यांनी खुर्ची नाकारली. नर्स म्हणाली, "ते विचारतात तसं आम्ही विचारलं तर लोक ओकेच म्हणतात. त्यांना मात्र बोटं दाखवतात. वैताग आहे, पण येऊ दे."

मालकाने वाट पाहणे सोडले नव्हते. घाट नको तर अकोला-बार्शीटाकळी सपाट रस्ता घ्या, शाळेची मुले नेण्याचे काम आहे, म्हणाले. त्यांनी घरी जाऊन समजावले. वंदनाताईंच्या देखत मामा म्हणाले, "मालक, ज्या पायाले ब्रेक समजत नाही, त्याले घाट काय अन् मैदान काय. अन् पोरं?" मालक म्हणाले, "तुह्याकडं तर रिपोर्ट बी हाये चांगला. कोण विचारन?" मामांनी त्यांना चहा दिला आणि अंगणात फिरायला गेले. मालक चहा संपेपर्यंत थांबले आणि निघाले. फाटकापाशी दोघे बोलले. काय बोलले ते वंदनाताईंना ऐकू आले नाही.

अमरावतीच्या मॅडमनी त्यांना तिसऱ्यांदा बोलावले. या वेळी गाडी चालवायची नाही, असे आधीच बजावले. मामांनी विचारले, "मंग काय करू? मले दुसरं येत नाही." मॅडम म्हणाल्या, "आग होऊ द्या. तिच्याकडे लक्ष द्या. मला तेच हवंय." ते आत गेले. पाय दोनदा हलले, पण चित्रे वापरता येण्याजोगी निघाली. ती त्यांच्या अभ्यासात घेतली आहेत, असे मॅडमनी मला सांगितले. त्या अभ्यासाचे निष्कर्ष अजून यायचे आहेत.

गोळी चालू आहे. आग पूर्वीपेक्षा कमी आहे, बधिरपणात फरक नाही. कॅन्सरची शेवटची तपासणी गेल्या दिवाळीनंतर झाली, तीत काही आढळले नाही. रेखा सिस्टरांची बदली अकोटला झाली. मीही आता धारणीला जात नाही.

मामांच्या अवजड वाहनाच्या लायसन्सची मुदत गेल्या महिन्यात संपली. नूतनीकरणाला लागणारे वैद्यकीय प्रमाणपत्र त्यांना त्या नसांच्या रिपोर्टवर मिळू शकले असते, आणि मालकाने एजंटला सांगून ठेवले होते. परवा वंदनाताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, एजंट दोनदा घरी येऊन गेला. मामांनी अर्जावर सही केलेली नाही.